रिपोर्ट अडवता येतो का? मध्यम लॅबसाठीच्या एका एलआयएसचे परीक्षण

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात मध्यम आकाराची पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्याकडे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रतिनिधींची ये-जा कायम असते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर सगळ्यात आधी दिसतो तो रिपोर्टचा नमुना: रंगीत पट्ट्या, मागच्या तपासण्यांचा आलेख, कोपऱ्यात क्यूआर कोड आणि सही होताच रुग्णाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचणारी पीडीएफ. हे सगळे आता जवळपास प्रत्येक प्रणालीत मिळते, त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही. लॅबची माहिती प्रणाली, म्हणजे ज्याला आपण सरसकट एलआयएस म्हणतो ती, पारखायची असेल तर ती कोणता रिपोर्ट बाहेर जाऊ देत नाही आणि का, हे पाहावे लागते. आमच्या लॅबमध्ये वापरात असलेल्या एका भारतीय बनावटीच्या प्रणालीचे हे परीक्षण त्याच अंगाने केले आहे. उत्पादनाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एकाच कंपनीची सेवा पुण्यात वेगळी आणि जिल्ह्याच्या गावी वेगळी मिळते, आणि येथे नोंदवलेल्या बहुतेक बाबी कोणतीही प्रणाली घेताना तपासून पाहण्याजोग्या आहेत.

आमची यंत्रसामग्री या आकाराच्या लॅबमध्ये असते तशीच आहे: रक्तपेशी मोजणारा फाइव्ह पार्ट सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचा पूर्ण स्वयंचलित अ‍ॅनालायझर, हार्मोनसाठी सीएलआयए यंत्र, आणि जोडीला इलेक्ट्रोलाइट, कोअ‍ॅग्युलेशन (रक्त गोठण्याची तपासणी) व लघवीच्या पट्ट्या वाचणारी छोटी यंत्रे. नळ्या आपोआप वाहून नेणारा ट्रॅक नाही आणि आमच्या नमुन्यांच्या संख्येत तो परवडणारही नाही. लिओनार्ड स्केग्ज यांचा ऑटोअ‍ॅनालायझर १९५७ साली टेक्निकॉनने बाजारात आणला तेव्हापासून रसायने मिसळण्याचे आणि मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. पुढे १९८० च्या दशकात जपानमधील कोची येथे मासाहिदे सासाकी यांनी सरकत्या पट्ट्या आणि रोबो यांच्या आधारे नळ्यांची ने-आणसुद्धा यंत्रांवर सोपवून दाखवली. आपल्याकडच्या मध्यम लॅबने यातला पहिला टप्पा केव्हाच गाठला आहे आणि दुसऱ्याची तिला गरज नाही. यंत्राने आकडा दिल्यापासून पॅथॉलॉजिस्टची सही होईपर्यंतचा टप्पा मात्र अजून बऱ्याच ठिकाणी कागद, वही आणि तंत्रज्ञाची स्मरणशक्ती यांवर चालतो, आणि एलआयएसचे खरे काम तिथे आहे.

नोंदणीपासून सुरुवात करू. खिडकीवर रुग्णाचे नाव, वय, लिंग आणि तपासण्या भरल्या की लेबल प्रिंटर लागतील तेवढे बारकोड काढतो: सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जांभळ्या टोपणाच्या नळीचा, साखरेसाठी करड्या, रक्त गोठण्याच्या पीटी तपासणीसाठी निळ्या, बाकीच्यांसाठी पिवळ्या किंवा लाल. टोपणाचा रंग लेबलवर अक्षरांत छापलेला असतो; गोष्ट लहान आहे, पण नव्याने लागलेल्या मुलामुलींना तिचा फार उपयोग होतो. नळी यंत्रात ठेवली की यंत्र बारकोड वाचते, या नळीवर कोणत्या तपासण्या करायच्या ते एलआयएसला विचारते, तेवढ्याच तपासण्या करते आणि निकाल परत पाठवते. याला बायडायरेक्शनल इंटरफेसिंग म्हणतात. प्रतिनिधी मात्र ‘इंटरफेसिंग आहे’ एवढेच सांगून थांबतात, आणि पुष्कळदा ते एकतर्फी निघते. एकतर्फी जोडणीत तंत्रज्ञ यंत्राच्या पडद्यावर नमुना क्रमांक आणि तपासण्या हाताने टाकतो, आणि यंत्र त्या क्रमांकावर निकाल पाठवून देते. क्रमांक टाकताना ४७ चा ७४ झाला तर एका रुग्णाचे क्रिएटिनिन दुसऱ्याच्या नावावर जाते आणि ते अत्यंत नीटनेटक्या रिपोर्टवर छापले जाते. आमच्याकडे तीन मोठी यंत्रे दोन्ही बाजूंनी जोडली गेली, इलेक्ट्रोलाइटचे यंत्र एकतर्फी जोडले गेले आणि कोअ‍ॅग्युलेशनचे जोडलेच गेले नाही, कारण त्या यंत्राला बाहेर माहिती पाठवण्याची सोयच नाही. हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, पण कोटेशनवर ‘सर्व यंत्रे’ असे लिहिलेले होते.

ही देवाणघेवाण आजही बहुतेक यंत्रांत १९९० च्या दशकातल्या, एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीने होते, जी पुढे लॅबची मानके ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेकडे गेली. यंत्र आधी ‘बोलू का?’ अशा अर्थाचा संकेत पाठवते, समोरून होकार आला की एकेक चौकट पाठवते, आणि प्रत्येक चौकटीच्या शेवटी बेरजेचा पडताळा असतो. पद्धत जुनी असली तरी भक्कम आहे. दगा देते ती तिच्या भोवतालची जोडणी. नव्या संगणकांना सिरियल पोर्ट नसतात, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि वीज जाऊन आल्यावर विंडोज त्या कन्व्हर्टरला कधी कधी वेगळाच कॉम पोर्ट क्रमांक देते. यंत्र निकाल पाठवत राहते, प्रणाली जुन्या पोर्टवर कान देऊन बसते आणि पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही. या प्रणालीत प्रत्येक यंत्रासमोर हिरवा-लाल दिवा आहे, परंतु तो पोर्ट उघडा आहे की नाही एवढेच सांगतो. शेवटचा निकाल किती वाजता आला हे सांगत नाही. यंत्राच्या नावाशेजारी ती वेळ दाखवली असती तर तंत्रज्ञाला एका नजरेत कळले असते. ही मागणी आम्ही लेखी केली आहे आणि ती अद्याप विचाराधीन आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे रिपोर्ट अडवण्याचे नियम. येथे या प्रणालीने अपेक्षेपेक्षा चांगले काम केले, आणि तिचे सर्वांत मोठे श्रेय याच भागाला जाते. नियम लिहिण्याचा पडदा साधा आहे: ही तपासणी, ही अट, आणि अट जुळली तर काय करायचे. दोन तपासण्यांची अट एकत्र घालता येते, आणि हीच गोष्ट अनेक स्वस्त प्रणालींत नसते. उदाहरण देतो. बाहेरच्या संकलन केंद्रावरून आलेल्या एका नमुन्यात पोटॅशियम ८.४ आणि कॅल्शियम ४.९ आले, अल्कलाइन फॉस्फेटेजही असायला हवे त्यापेक्षा खूप कमी. रुग्ण स्वतः चालत येऊन रक्त देऊन गेलेला होता. जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. त्या नळीतले रक्त पिवळ्या नळीत ओतले गेले, किंवा रक्त घेताना नळ्यांचा क्रम चुकला, तर पोटॅशियम वाढते, आणि ईडीटीए कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवत असल्याने ते आकडे कोसळतात. फॉस्फेटेज या एन्झाइमला लागणारे जस्तही त्यात अडकते. नुसते पोटॅशियम पाहणारा नियम असा रिपोर्ट ‘अत्यंत धोकादायक’ म्हणून डॉक्टरांना फोन करायला लावील, आणि तिकडे निष्कारण धावपळ सुरू होईल. पोटॅशियम ६ च्या वर आणि कॅल्शियम ७ च्या खाली, दोन्ही एकाच नमुन्यात, अशी जोडअट लावलेली होती, म्हणून प्रणालीने तो रिपोर्ट थांबवला, ‘ईडीटीएची भेसळ? नमुना पुन्हा घ्या’ हा आम्हीच लिहून ठेवलेला शेरा दाखवला, आणि सहीच्या यादीत तो येऊच दिला नाही.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्सचा नियम असाच कामाला येतो. सेल काउंटर ३८,००० हा आकडा देतो आणि सोबत प्लेटलेट्सच्या गुठळ्यांचा फ्लॅगही, म्हणजे इशाऱ्याची खूणही, पाठवतो. पण कित्येक प्रणाली निकाल घेतात आणि फ्लॅग टाकून देतात, कारण तो संदेशाच्या वेगळ्या भागात येतो आणि जोडणी करणाऱ्याने तिकडे पाहिलेलेच नसते. इथे फ्लॅग निकालासोबत दिसतो आणि फ्लॅग असलेली सीबीसी स्लाइड पाहिल्याची नोंद केल्याशिवाय पुढे सरकत नाही. स्लाइडच्या टोकाकडे प्लेटलेट्सचे झुबके दिसले, म्हणजे यंत्राचा आकडा खोटाच कमी आला असेल, तर निळ्या सायट्रेट नळीत रक्त पुन्हा घ्यायचे आणि आलेला आकडा, नळीतल्या द्रवामुळे रक्त पातळ होते म्हणून, १.१ ने गुणायचा. हा गुणाकारही प्रणालीत बसवता आला. नातेवाईक बाहेर प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी रक्तपेढीत निघालेले असताना या थांब्याची किंमत काय, हे तापाच्या हंगामात लॅब चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

डेल्टा चेक, म्हणजे त्याच रुग्णाच्या मागच्या निकालाशी तुलना, हा भागही तांत्रिकदृष्ट्या व्यवस्थित आहे. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान, आठवडाभरात ७२ वरून ९१ वर जात नाही. गेला, आणि मध्ये रुग्णाला रक्त चढवलेले नसेल, तर नमुन्यांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यायलाच हवी. परंतु ही तुलना करायला ‘तोच रुग्ण’ ओळखता आला पाहिजे, आणि तिथे आपल्या भागात घोडे अडते. मिरजेत सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांइतकेच सीमेपलीकडच्या अथणी, चिकोडीकडचेही रुग्ण येतात. एकाच दिवशी एकापेक्षा अधिक सुरेश पाटील आले तर कोणाला नवल वाटत नाही, आणि तेच आडनाव इंग्रजीत कधी ‘आय’ने तर कधी दोन ‘ई’ने लिहिले जाते. मोबाइल क्रमांक एकदा मुलाचा दिला जातो, तर पुढच्या वेळी जावयाचा. प्रत्येक फेरीला नवा नोंदणी क्रमांक पडला की डेल्टा चेकला तुलना करायला मागचे काही मिळतच नाही, आणि तो गप्प बसतो. प्रणालीत नावाच्या उच्चारावरून मिळतेजुळते जुने रुग्ण सुचवण्याची सोय आहे, पण ती इंग्रजी उच्चारांवर बेतलेली असल्याने जाधव, यादव, जाधवर यांत गोंधळ घालते आणि हवा असलेला रुग्ण मात्र सुचवत नाही. देवनागरीत नाव टाकले तर शोधच चालत नाही. सरकारी आरोग्य ओळखीच्या चौदा अंकी आभा क्रमांकासाठी रकाना आहे, तो भरला तर प्रश्न मिटतो, पण खिडकीवर तो क्रमांक सांगू शकणारे रुग्ण थोडे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावांचा शोध इतका कच्चा असावा, ही या परीक्षणातली माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

ऑटोव्हेरिफिकेशनविषयी विक्रेते उत्साहाने बोलतात. आपण ठरवलेल्या मर्यादांत बसणारा, फ्लॅग नसलेला, मागच्या निकालाशी सुसंगत असलेला रिपोर्ट प्रणाली माणसाने न पाहता पुढे पाठवू शकते. परदेशांतल्या मोठ्या लॅबमध्ये हे रोजचे आहे आणि त्यासाठी सीएलएसआयची मार्गदर्शक सूत्रेही आहेत. आपल्याकडे मात्र एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. सहीचे चित्र प्रणालीने आपोआप चिकटवले आणि डॉक्टरने रिपोर्ट पाहिलाच नाही, तर त्या सहीला काय अर्थ राहतो? या प्रणालीत ‘ऑटो अप्रूव्ह’ हे बटण मूळ मांडणीतच चालू अवस्थेत येते, आणि ते प्रत्येक तपासणीसाठी वेगवेगळे बंद करावे लागते. मूळ मांडणी नेमकी याच्या उलट हवी होती. आम्ही मधला मार्ग घेतला आहे: नियमांतून सुखरूप पार झालेले रिपोर्ट वेगळ्या यादीत येतात, ती यादी मी वेगाने पण स्वतः पाहून सही करतो, आणि अडकलेल्या यादीला उरलेला वेळ देतो. पूर्वी सगळ्या रिपोर्टना सारखाच वेळ मिळत असे, म्हणजे जिथे लागायचा तिथे तो कमीच पडे. एवढ्या एका बदलासाठीही प्रणालीचा खर्च वसूल झाला, असे मी म्हणेन.

क्यूसीचे, म्हणजे यंत्राच्या रोजच्या गुणवत्ता-तपासणीचे, कुलूप चांगले आहे. सकाळचा कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, वेस्टगार्डच्या ठरावीक नियमांत बसला नाही तर त्या तपासणीचे रुग्णांचे निकाल अडतात, आणि कारण लिहिल्याशिवाय कुलूप उघडत नाही. फक्त ‘कारण’ या रकान्यात एक टिंब टाकले तरी प्रणाली समाधान मानते. मानवी स्वभाव लक्षात घेता तिथे निदान ठरावीक पर्यायांची यादी हवी होती. वेळेचा हिशेब मांडणारा टीएटी अहवालही असाच भाबडा आहे. नमुना लॅबमध्ये आल्यावर तो स्कॅन करायचा असतो, पण गर्दीत सगळ्या नळ्या एकदम, यंत्रात घालण्याच्या आधी क्षणभर स्कॅन केल्या जातात, आणि मग कागदावर आमची लॅब कमालीची चपळ दिसते. नळी टेबलावर पडून राहिलेला वेळ त्या आलेखात कुठेच उमटत नाही. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या तपासनीसांपुढे असा आलेख ठेवण्याआधी स्कॅनच्या वेळांचे झुबके कुठे पडले आहेत ते पाहून घ्यावे.

संदर्भ मर्यादांचा तक्ता हे या प्रणालीचे दुसरे दुबळे अंग. वय वर्षांत घेण्याची सवय इतकी खोल मुरलेली आहे की वीस दिवसांच्या बाळाचे वय शून्य नोंदले जाते आणि त्याच्या १६ ग्रॅम हिमोग्लोबिनवर ‘जास्त’ अशी खूण येते. वाढत्या वयाच्या मुलांचे अल्कलाइन फॉस्फेटेज प्रौढांच्या मर्यादेशी ताडले जाते आणि आईबाप यकृताच्या डॉक्टरांचा पत्ता विचारू लागतात. दिवस, महिने, वर्षे अशा वेगवेगळ्या मर्यादा टाकण्याची सोय आहे, पण सोबत येणाऱ्या तक्त्यात त्या भरलेल्या नसतात. तो आम्हाला बसून भरावा लागला. एककांबाबतही हेच. रक्तात गुठळी झाल्याची शंका असताना करायची डी-डायमर तपासणी दोन प्रकारच्या एककांत मोजतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. किट बदलले, एकक बदलले आणि मर्यादा तशीच राहिली तर सामान्य माणूस रोगी ठरतो किंवा रोगी निर्धास्त घरी जातो. तपासणीला एलओआयएनसी या तपासण्यांच्या जागतिक सांकेतिक यादीतला क्रमांक देण्याचा रकाना आहे, तो रिकामाच येतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आराखड्यानुसार रिपोर्ट इतर रुग्णालयांना वाचता यावेत अशी अपेक्षा असेल, तर हे रकाने भरून देणे विक्रेत्याचे काम आहे, प्रत्येक गावच्या पॅथॉलॉजिस्टचे नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवण्याची सोय रुग्णांना आवडते आणि खिडकीवरची गर्दीही कमी होते, हे मान्य. पण एचआयव्हीसारख्या तपासण्या त्यातून वगळता येतात का, हे पहिल्या दिवशीच पाहावे. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे नोंदवलेला मोबाइल पुष्कळदा रुग्णाचा नसतोच. इथे तपासणीनिहाय ‘पाठवू नये’ अशी खूण करता येते, आणि ती केली की पॅकेजमध्ये ती तपासणी असली तरी पूर्ण रिपोर्ट थांबतो. हे नीट विचार करून केलेले आहे. धोकादायक निकालांची, म्हणजे क्रिटिकल व्हॅल्यूची, फोननोंदही चांगली: कोणाला कळवले, किती वाजता, त्यांनी आकडा परत वाचून दाखवला का, हे भरल्याशिवाय रिपोर्ट पूर्ण होत नाही.

सर्व्हर आमच्याच लॅबमध्ये आहे आणि रोजची प्रत बाहेर जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयालाही बरेच दिवस हाती कागदपत्रांवर काम चालवावे लागले. मध्यम लॅबला तशी वेळ येण्यासाठी हल्ल्याचीही गरज नसते, एक हार्ड डिस्क बिघडली तरी पुरते. वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रणाली बंद पडली तर काम कसे चालू ठेवायचे याचे नियोजन मागितले आहे. या प्रणालीत बंद काळातले निकाल नंतर भरण्याचा वेगळा पडदा आहे आणि त्यावर ‘हाती नोंद’ असा शिक्का बसतो, जो पुढे रिपोर्टच्या इतिहासातही दिसतो. दुरुस्त केलेल्या रिपोर्टची मात्र जुनी प्रत सहजी सापडत नाही. बदल कोणी, कधी केला हे दिसते, जुना आकडाही दिसतो, पण डॉक्टरांच्या हाती आधी नेमका कोणता कागद पडला होता तो जसाच्या तसा पुन्हा छापता येत नाही. वादाच्या प्रसंगी तोच कागद लागतो.

किमतीबद्दल एवढेच की मूळ परवान्यापेक्षा प्रत्येक यंत्राच्या जोडणीचे वेगळे पैसे जास्त होतात, आणि यंत्र बदलले की ते पुन्हा द्यावे लागतात. रिएजंट करारावर, म्हणजे रसायने त्याच कंपनीकडून घेण्याच्या अटीवर, यंत्र घेणाऱ्यांनी होस्ट पोर्ट, म्हणजे एलआयएसशी जोडणीची वाट, उघडून देण्याची आणि संवादाची कागदपत्रे पुरवण्याची अट यंत्र-कंपनीच्याच करारात घालून घ्यावी. नंतर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. फोनवरची मदत सौजन्याची आहे, पण इंटरफेसिंग जाणणारा माणूस एकच असून तो पुण्याला बसतो.

नमुने आणि यंत्रे आमच्याएवढी असतील, आणि नियम स्वतः बसून लिहायची पॅथॉलॉजिस्टची तयारी असेल, तर मी ही प्रणाली घ्यायला सांगेन. तयार तक्ते आणि तयार नियम यांच्या भरवशावर राहणाऱ्याने घेऊ नये. यंदा वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण करताना आम्ही त्यात दोन कलमे लिहून घेतली: आम्ही लिहिलेले सर्व नियम आणि संदर्भ मर्यादा वाचता येईल अशा फाइलमध्ये कधीही मागता याव्यात, आणि करार संपला तरी जुने रिपोर्ट उघडता येण्याची सोय राहावी. पहिले कलम त्यांनी लगेच मान्य केले, दुसऱ्यासाठी तीनदा मेल करावी लागली.